बर्फावरची पहार

परवा भिगवणच्या मासळी बाजारात चहा पिताना एका नाववाल्या दादांनी विचारलं, "तुम्ही अमेरिकेत बर्फात मासे धरायला गेलता म्हणं, खरंय का?" म्हटलं, गेलो होतो, पण धरले नाहीत. यावर तिथं जो हशा झाला त्याला उत्तर म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, सवडीने वाचा.

2023 च्या डिसेंबरात मी ताईकडे मिनेसोटाला गेलो होतो. अमेरिकेच्या नकाशात वर, कॅनडाला चिकटलेलं राज्य. दहा हजार तळ्यांचं राज्य अशी त्यांची ओळख, गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तसं छापलेलं असतं. हिवाळ्यात ही तळी गोठतात. लोक त्यावर चालतात, गाड्या घालतात, गिरमिटाने भोक पाडून गळ सोडतात आणि थंडी लागू नये म्हणून वर छोटी खोपटी टाकून बसतात. काही खोपट्यांत शेगडी, पलंग, टीव्ही सगळं असतं. दाजी तिथं वीस वर्षं आहेत, तेही एकदाच गेले होते. भाचा मात्र पक्का नादिष्ट. त्याने मामासाठी 30 डिसेंबरचं बुकिंग करून ठेवलं होतं, अप्पर रेड लेक नावाच्या तळ्यावर. घरापासून गाडीने चार-साडेचार तास.

हे तळं अफाट मोठं पण उथळ. उथळ पाणी लवकर थंड होतं, म्हणून राज्यात ते आधी गोठतं आणि हंगामाच्या सुरुवातीला सगळी गर्दी तिकडेच पळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी गेलो तेव्हा बर्फ नव्हताच. उणे वीसचे कपडे भरून नेलेले, आणि नाताळाला चक्क पाऊस. दहा अंशांच्या पुढे तापमान, आपल्याकडच्या जानेवारीच्या पहाटेसारखं. लोक अंगणात शर्टावर फिरत होते. ताईच्या घराजवळच्या तळ्याला कडेने दुधावरच्या सायीएवढा पापुद्रा, मधे उघडं पाणी, आणि त्यात बदकं. एल निनोचं वर्ष होतं ते. पुढे तो हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार ठरला.

26 तारखेला बुकिंगवाल्याचा फोन आला. म्हणाला, येऊ नका, पैसे परत करतो. मला वाईट वाटलं, खरं तर रागच आला. एवढा खर्च करून आलोय, हजार शब्दांचा लेख डोक्यात तयार आहे, आणि हा माणूस नाही म्हणतो! मीच दाजींना म्हटलं, "दुसरीकडे बघा की. तळं गोठलंय ना तिकडं? बाकीचे जातायत ना?" भाच्याने लगेच फोन काढला. दाजी काही बोलले नाहीत.

29 तारखेला संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला, मधे पाणी आलं आणि शंभरावर माणसं त्या तुकड्यावर अडकली. रात्रीपर्यंत सगळ्यांना बाहेर काढलं. आकडा निघाला 122. आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2022 मध्ये, त्याच तळ्यावर जवळपास दोनशे जण असेच अडकले होते. म्हणजे माहिती नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

ताई माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेलो. पंचाहत्तरीचा गडी, लहानपणापासून बर्फावर मासे धरणारा. भाचा दुभाषा. माझा प्रश्न साधा होता: बर्फ तर होता, मग तुटला कसा? म्हाताऱ्याने गॅरेजमधून पहार आणली. हो, आपली पहारच, फक्त टोक छिन्नीसारखं. म्हणाला, बर्फावर पाय टाकायच्या आधी ही पुढे मारायची, आवाज ऐकायचा, मग पाऊल.

त्याने सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं असं आहे. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाला बसतं. त्याहून थंड पाणी वर राहतं आणि वरून गोठतं. एकदा थर धरला की बर्फ खालून वाढत जातो, पण त्यासाठी वरची थंडी टिकावी लागते. चार रात्री थंड आणि तीन दिवस उबदार असं झालं की हिशोब बिघडतो. वर बर्फ पडला तर तो गोधडीसारखा, खालच्या पाण्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही, थर वाढत नाही. पाऊस पडून पुन्हा गोठला तर पांढरट बर्फ होतो. तो दिसायला जाड, पण ताकदीला काचेसारख्या नितळ बर्फाच्या निम्मा. तिथलं सरकारी खातं सांगतं: नितळ बर्फ 4 इंच असेल तर माणसाने चालावं, छोट्या गाडीला 9-10 इंच, मोठ्या पिकअपला 13 च्या वर. बर्फ पांढरा असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. आणि खाली ओळ असते की कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो.

उबेचा पहिला घाव काठावर बसतो. तिथं पाणी उथळ, जमीन तापलेली. मधला थर अजून पायाखाली टणक लागतो, पण काठाशी त्याची पकड सुटलेली असते. मग जोराचा वारा आला की अख्खी लादी तराफ्यासारखी निघते. वर बसलेल्या माणसाला काही कळत नाही. तो खोपट्यात गळ धरून बसलेला असतो. परत जायला निघतो तेव्हा समोर पाणी.

मला सगळ्यात भयंकर हे वाटलं. बुडण्याची भीती असते तिथं माणूस सावध असतो. इथं पायाखाली सहा-सात इंच टणक बर्फ आहे, सगळं ठीक आहे, आणि तरी तुम्ही अडकलात.

कॅनडातल्या संशोधक सपना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या हिवाळी बुडण्याच्या चार हजारांवर घटना तपासल्या होत्या. त्यांचा 2020 चा निष्कर्ष असा की हिवाळ्याचं तापमान शून्याच्या जवळ आलं की बुडण्याच्या घटना झपाट्याने वाढतात. कडाक्याच्या थंडीत नाही, बरं का. सवय थंडीची असते आणि बर्फ कच्चा असतो, तेव्हा.

जानेवारीच्या मध्यावर एकदाची थंडी पडली, उणे वीस वगैरे. म्हातारा स्वतःहून म्हणाला, चला. घराजवळचंच तळं. तो पुढे पहार मारत, मागे भाचा, मागे मी. दर दहा पावलांनी गिरमिटाने भोक पाडून पट्टीने माप. पाच इंच. पाच. साडेपाच. मग एका ठिकाणी साडेतीन. म्हातारा थांबला, वळला, आणि आम्ही परत आलो. काठापासून शंभर पावलंही गेलो नव्हतो. दूरवर तिघे-चौघे बसलेले दिसत होते, मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, त्यांनी काय मोजलंय मला माहीत नाही. (बाजारात हसलात ना, तर ही पूर्ण गोष्ट अशी आहे.)

मी परत आलो आणि जानेवारीच्या शेवटी तिथं पुन्हा तापमान बारा अंशांवर गेलं. भाच्याचे फोन यायचे. हंगाम संपल्यात जमा होता. आमिष विकणारी दुकानं, खोपटी भाड्याने देणारे, बर्फावरून वाट काढून देणारे वाटाडे, रस्त्याकडेची हॉटेलं, या सगळ्यांची वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते. फेब्रुवारीत तिथल्या केंद्र सरकारने बर्फ न पडल्याने तोट्यात गेलेल्या छोट्या व्यावसायिकांना दुष्काळाच्या योजनेतून कर्ज मिळेल असं जाहीर केलं. कर्जच, मदत नाही. पण बर्फाचा दुष्काळ हाही दुष्काळ, एवढं कागदावर आलं. आपल्याकडे मासेमारीला शेतीचा दर्जा मिळायला एप्रिल 2025 उजाडावा लागला, आणि त्याचा फायदा उजनीवरच्या किती जणांच्या हातात पडला ते बाजारात विचारा.

आता मूळ मुद्दा. मी परतल्यावर चार महिन्यांनी, 21 मे 2024 ला, कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यांची बातमी मी लिहिली. लिहिताना मला सारखा तो 26 डिसेंबरचा फोन आठवत होता. एका माणसाने स्वतःचा धंदा बुडवून "येऊ नका" म्हटलं आणि मी त्याच्यावर चिडलो होतो. आपल्याकडे वारा सुटायच्या आधी नाववाल्याला असा फोन कोण करतं? आणि केला, तर पलीकडे जायची घाई असलेला प्रवासी माझ्यासारखाच म्हणणार नाही का, की बाकीचे जातायत ना?

बाजारातल्या त्या दादांनाही मी हे विचारलं. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या नावंत बसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या नावांनी एकाच वेळी थांबायचं ठरवलं तरच ते जमेल, आणि हे ठरवणं एकट्यादुकट्याचं काम नाही.

म्हणून येत्या गुरुवारी सकाळी दहाला काही नाववाले आणि आम्ही दोघे-तिघे पत्रकार बाजारतळावर बसणार आहोत. विषय दोनच: वाऱ्याचा इशारा नावांपर्यंत कसा पोचवायचा, आणि प्रत्येक नावेत माणशी एक लाइफ जॅकेट. ज्यांची नाव आहे, ज्यांची पोरं शाळेला नावेने जातात, त्यांनी जरूर या. चहा माझ्याकडून.

आणि दादांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच: नाही, बर्फाखालचे मासे त्या बर्फाने गोठून मरत नाहीत. तळाला ते चार अंशांचं पाणी असतं, त्यात निवांत पडून असतात.