उशीर कुठे होतो

आईच्या शिलाईयंत्राच्या खणातली टेप मी हैदराबादला आणली, ती माउस मोजायला. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये आपला माणूस स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतो, तेव्हा टेबलावर माउस किती सेंटिमीटर सरकतो, ते या टेपने मोजायचं. माझं माप बावन्न येतं. माउस ८०० डीपीआयवर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी १ वर ठेवली की एवढं भरतं. म्हणजे मागून पावलांचा आवाज आला आणि वळायचं झालं, तर वीतभर आणि वर दोन-तीन बोटं एवढा हात कोपरापासून ओढावा लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा खेळतोय की टेबल पुसतोय.

पण उगीच नाही हे. माउस जितका चपळ, तितकी हाताची बारीक थरथरही पडद्यावर मोठी होऊन उमटते. दूरच्या खिडकीत दिसणारं डोकं पडद्यावर चार-पाच ठिपक्यांचं असतं, आणि तिथे क्रॉसहेअर नेऊन थांबवायचा असतो. नेणं सोपं आहे. थांबवणं अवघड. कॉलेजात असताना माझं माप एकवीस सेंटिमीटरच्या आसपास असणार, कारण मी सगळं मनगटावर खेळायचो आणि वळण्यात माझा हात कुणी धरत नसे. वळून झाल्यावर मात्र गोळ्या भिंतीत जायच्या.

सेटिंगचा नाद लागलेल्या माणसाशी बोलायला बसलात तर तो तासभर हेच सांगेल. विंडोजमध्ये पॉइंटर जास्त अचूक करू म्हणणारी एक चौकट असते. तिच्यात खूण केली की हात भरभर हलवल्यावर पॉइंटर जास्त पळतो आणि हळू हलवल्यावर कमी. फायली उघडायला ते ठीक आहे, पण नेमबाजीत तेवढ्याच अंतराला दर वेळी वेगळं वळण मिळालं तर हाताला सवय कशाची लागणार? आता नवा 'काउंटर-स्ट्राइक' माउसची हालचाल विंडोजला मध्ये न घेता थेट वाचतो. जुन्या १.६ मध्ये मात्र खेळ सुरू करतानाच्या आज्ञांत दोन-तीन अगम्य शब्द घालून हा वेग मारावा लागे. ते शब्द आम्हाला स्तोत्रासारखे पाठ होते, आणि स्तोत्रासारखेच, अर्थ न कळता.

मग येतो पडदा. बरेच खेळाडू, त्यात पट्टीचे व्यावसायिकही आले, रुंद पडद्यावर ४:३ चं चित्र ताणून खेळतात. त्याने समोरचा माणूस जाड दिसतो, म्हणजे मारायला सोपा असं वाटतं. पण ताणलं म्हणून काही फुकट मिळत नाही. आडवा दिसणारा टप्पा १०६ अंशांवरून ९० अंशांवर येतो, कडेचा माणूस दिसतच नाही, आणि जाड झालेला माणूस पडद्यावरून पळतोही तेवढ्याच जास्त वेगाने. मी वर्षभर तसं खेळलो आणि सोडून दिलं. ज्यांना त्याने बरं वाटतं, त्यांना बरं वाटतं. आमच्यातल्या अर्ध्याअधिक सेटिंगांची गोष्ट एवढीच आहे, हे मी आता उघड कबूल करतो.

सगळं 'लो'वर ठेवा, हा दुसरा जुना मंत्र. धूळ नको, पाण्याची चमक नको, झाडांची पानं नकोत. जे शत्रू नाही ते दिसायलाच नको. २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' आला तेव्हा मीही त्याच सवयीने सगळं खाली ओढलं. मग कोपऱ्याआड उभ्या माणसांकडून फुकट मरायला लागलो. त्यांना मी वळायच्या आधी माझी सावली जमिनीवर दिसत होती. माझ्या पडद्यावर त्यांची दिसत नव्हती, कारण ती मीच बंद केली होती. आता बाकी सगळं खाली आहे आणि सावल्या वर. त्यापायी थोड्या फ्रेम जातात, जाऊ देत.

पण या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी खरा शत्रू एकच, उशीर. बोटाने बटण दाबलं ते पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ जातो? ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्झचा, ६.९. व्ही-सिंक चालू ठेवला तर चित्र फाटत नाही, पण तयार झालेलं चित्र पडद्याची पाळी येईपर्यंत ताटकळतं. म्हणून तो बंद. मग इंटरनेटचा उशीर. व्हॉल्व्हचे सर्व्हर मुंबईत आणि चेन्नईत आहेत, तिथवर जाऊन यायला माझ्याकडून तीसेक मिलिसेकंद लागतात. एके काळी आम्ही सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचो, तेव्हा हा आकडा पाहून पोटात गोळा यायचा. हा उशीर भरून काढायला सर्व्हर काळ मागे नेतो. माझी गोळी त्याच्याकडे पोचली की तो बाकीच्यांना त्या क्षणी मला जिथे दिसत होते तिथे परत उभं करतो आणि मग निवाडा देतो. म्हणून कधी कधी आपण भिंतीआड पोचल्यावर मरतो. त्याच्या पडद्यावर आपण अजून उघड्यावर असतो. दोघंही खरं बोलत असतात.

या साखळीत सर्वांत लांब कडी कुठली, ते मात्र मी बरीच वर्षं मोजलं नाही.

२००६ साली मी अठराचा होतो, मिरजेत. खेळ म्हणजे १.६, आणि खेळायची जागा म्हणजे स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीतला एक सायबर कॅफे. तासाला पंधरा रुपये, पाच जण एकत्र गेलं तर बारा. तिथले मॉनिटर जुने, डब्यासारखे, मागे गुडघाभर पोट असलेले. आम्हाला वाटायचं, घरी नवा पातळ एलसीडी आला म्हणजे आपल्याला कोण हरवतो! हे मी घरी इतक्यांदा बोललो, की बाबांनी त्या वर्षीच्या दसऱ्याच्या बोनसात भर घालून सतरा इंची एलसीडी आणला. साधारण अकरा हजारांचा. बाबा रेल्वेत ड्रायव्हर. लोको पायलट हा शब्द तेव्हा नवा नवा आला होता, घरात ड्रायव्हरच म्हणत. ते रात्रपाळी करून आले होते, तसेच जाऊन खोकं घेऊन आले, आणि झोपायच्या आधी मला ते उघडताना बघत बसले.

मी खेळ लावला आणि दहा मिनिटांत माझं तोंड उतरलं. चित्र धुरकट, हलणारा माणूस मागे पुसट शेपूट सोडत जाणारा. आज कारण सांगता येतं. त्या पडद्याचे ठिपके ठरलेले, १२८० बाय १०२४. आम्ही खेळायचो ६४० बाय ४८० वर, म्हणजे चित्र ओढूनताणून बसवलेलं. ठिपक्याला रंग बदलायला वेळ लागायचा, त्याची शेपूट व्हायची. आणि वर ६० हर्ट्झ. कॅफेतला तो जुना डबा मात्र कमी रिझोल्यूशनवर आरामात १०० हर्ट्झ द्यायचा आणि चित्र उमटलं की लगेच विझवायचा. नवी, महाग, सुंदर वस्तू या एका कामाला जुनीपेक्षा वाईट होती. हे तेव्हा दुकानदारालाही ठाऊक नसावं, बाबांना कुठून असणार?

मी म्हणालो, "एवढे पैसे घालून उलट वाईट गोष्ट आणलीत तुम्ही."

बाबा काही बोलले नाहीत. आई बोलली, पण तिचं मी ऐकलं नाही. नंतर मी कॅफेतच जात राहिलो. घरचा पडदा आई रेल्वेच्या वेळा बघायला वापरायची, आणि मी हरलो की घरी येऊन त्या पडद्यालाच नावं ठेवायचो, त्याच्यावर खेळत नसलो तरी.

एकदा संध्याकाळी बाबा मला शोधत कॅफेत आले. ड्युटीवर निघाले होते, हातात त्यांची पेटी. मागे उभं राहून थोडा वेळ बघत होते. मग मालकाला विचारलं, दिवा का बंद? तो म्हणाला, काचेवर उजेड पडतो, पोरांना दिसत नाही. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. रात्री इंजिनातला दिवा आम्हीही लावत नाही. समोरच्या काचेत आपलंच तोंड दिसतं, सिग्नल दिसत नाही." आणि मला चावी देऊन गेले. तेव्हा त्यांना थांबवून आणखी काही विचारावं, असं मला सुचलंही नाही.

गेल्या वर्षी बाबा हैदराबादला आले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसरा महिन्याभराने काढायचा होता. या मधल्या काळात त्यांना एक खेळच सापडला होता. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने बघायचं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आकाश निळं, भिंत पांढरी. न झालेल्याला सगळं चहात बुडवून काढल्यासारखं. ज्या माणसाचे डोळे रेल्वेच्या डॉक्टरांनी नोकरीभर पुन्हा पुन्हा तपासले, रंग ओळखायला लावले, त्याला सत्तरीत हे कळत होतं, आणि त्याची गंमत वाटत होती.

रात्री मी खेळत होतो, ते शेजारी खुर्ची ओढून बसले. नकाशा 'डस्ट २'चा. डावा डोळा झाकून म्हणाले, "ही भिंत पिवळी आहे, का मला दिसते?"

"पिवळीच आहे, बाबा. वाळवंट आहे ते."

मग त्यांना माझ्या सेटिंगांची यादी दाखवली. कशाला दाखवली कोण जाणे. घरात दुसरं कुणी ती बघत नाही. पडदा ६० वर आणून एक खिडकी इकडून तिकडे ओढून दाखवली, मग १४४ वर नेऊन तेच. फरक त्यांना लगेच दिसला. "पहिल्यात तुटत तुटत जाते," म्हणाले. त्यांनी स्वतः माउस धरून दोन्हीकडे करून पाहिलं. आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे मिरजेचा तो पडदा खरंच वाईट होता?"

एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यात ते वाक्य होतं. मला वाटत होतं, फक्त माझ्याच आहे.

खोटं बोलायचं तर दोन्हीकडून सोपं होतं. मी म्हणालो, "या खेळापुरता हळू होता. तुमची चूक नव्हती, तेव्हा सगळेच तसे होते. आणि मी हरायचो ते त्याच्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

मी एक चाचणी उघडली. पडदा लाल असतो, हिरवा झाला की बटण दाबायचं. माझे आले २४०, २५५, २३८ मिलिसेकंद. ६० हर्ट्झवरून १४४ वर जाऊन दर चित्रामागे वाचतात ते जेमतेम दहा. हिरवा दिसल्यापासून बोट हलेपर्यंतच्या पाव सेकंदापुढे ते काय? आणि अठराव्या वर्षी माझा हात यापेक्षा जलद असेल, पण मी चुकीच्या कोपऱ्याकडे बघत उभा असायचो. तिथे कुठलाही पडदा काय करणार.

बाबांनीही करून पाहिलं. त्यांचे आले चारशेच्या वर. "शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते," ते म्हणाले. "पाव सेकंदात सात मीटर. पण आमचं त्या सात मीटरवर चालत नाही. ब्रेक लावला तरी गाडी थांबायला फार अंतर लागतं. लाल दिसल्यावर हात किती भरभर चालतो याला अर्थच नाही. सिग्नल कुठे येणार ते आधी ठाऊक पाहिजे. तिकडे बघत असलं पाहिजे. म्हणून तर दोघांनी पुकारायचा." इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते कशासाठी, हे त्या रात्री कळलं.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"काय?"

"की पडद्यामुळे नाही."

"तेव्हा मला खरंच वाटायचं, पडद्यामुळेच आहे."

त्यांनी मान हलवली. ते पटलं की नुसतं ऐकलं, सांगता येणार नाही. मग म्हणाले, "दिवा घालव आणि खेळ. बघू दे."

मी दिवा घालवला. खेळ सुरू झाला. पाचेक मिनिटं ते गप्प होते. मग न सांगता पुकारायला लागले. डावीकडे खोकी, मोकळं. दार, मोकळं. वर खिडकी, अरे खिडकी राहिली तुझी. मी म्हणेपर्यंत मी पुढे गेलेलो असायचो आणि ते मागचा कोपरा सांगत असायचे. मग मी जरा थांबून जायला लागलो.

"सावली," ते म्हणाले.

मी वळलो, वीतभर आणि वर दोन-तीन बोटं. तोवर मेलो होतो.

"परत लाव," बाबा म्हणाले आणि दुसरा डोळा झाकून बसले.