भाचीचा अभ्यासक्रम

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमची भाची कामावरून परस्पर आमच्याकडे आली. ओली छत्री दाराशी ठेवली आणि म्हणाली, "जयभीम मामा. तुम्ही हिशेबातले. मला दोन वर्षांचा हिशेब मांडून द्या."

आम्हाला वाटले, कर्जाचे काही असेल. वस्तीत कर्जाचा हिशेब घेऊन लोक आमच्याकडे येतातच. पण तिने पिशवीतून घडी घातलेला मोठा कागद काढला, त्यावर रकाने आखले होते आणि रकान्यांत विषयांची नावे होती. काही पेनाने, काही पेन्सिलने, काही खोडलेली.

ही आमच्या ताईची मुलगी. दहावीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेत, पुढे अर्थशास्त्र घेऊन बी.ए. चार वर्षे एका सर्वेक्षणाच्या कामावर घरोघर फिरली. रेशन मिळते का, मुले शाळेत जातात का, नळाला पाणी किती वेळ येते, असले प्रश्न विचारून फॉर्म भरायचे. फॉर्म भरता भरता तिला वाटू लागले, की हे प्रश्न कोण ठरवतो आणि उत्तरांचे पुढे काय होते ते आपण शिकावे. त्याचे शिक्षण परदेशात 'आंतरराष्ट्रीय विकास धोरण' या नावाखाली मिळते. गरीब देशांत शाळा, दवाखाने, रोजगार यांच्या योजना कशा आखाव्यात, पैसा कोठून आणावा, आणि योजना खरोखर उपयोगी पडली की नाही हे कसे तपासावे, असा हा विषय.

आमच्या घरच्यांनी लगेच विचारले, "गरिबी इथे आणि शिकायला अमेरिकेत कशाला?" प्रश्न काही चुकीचा नाही. भाची म्हणाली, "मामी, रोगी इथे असला तरी डॉक्टर जिथे शिकवतात तिथे जावे लागते ना." चहा आला आणि विषय पुढे सरकला.

समाजातील पुष्कळ मुलांना उपयोगी पडेल म्हणून तो कागद येथे थोडा उलगडून सांगतो. तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक इंग्लंडची. तिथली मास्टर्स बहुधा एका वर्षाची, १८० क्रेडिटची. त्यातली साधारण ६० क्रेडिट प्रबंधाची, उरलेल्यात काही विषय सक्तीचे, काही निवडीचे. ससेक्स विद्यापीठाच्या आवारात १९६६ पासून विकासाच्या अभ्यासाची एक नामांकित संस्थाच आहे. दुसरी वाट अमेरिकेची. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये १९९९ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. पहिले वर्ष जवळजवळ बांधलेले असते: सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि त्यावर आधारलेले इकॉनॉमेट्रिक्स. मधल्या उन्हाळ्यात कुठेतरी प्रत्यक्ष काम. दुसऱ्या वर्षी निवडीचे विषय आणि एखाद्या खऱ्या प्रश्नावर मोठा धोरण-निबंध. पण तिथे नुसता अर्ज करायचा तरी आधी कॉलेजात अर्थशास्त्राच्या दोन्ही शाखा आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस झालेले असावे लागते. आमच्याकडच्या बी.ए.मध्ये हे गणित कुठले? तिला ते नोकरी सांभाळून वेगळे शिकावे लागणार होते, आणि त्याचे गुणपत्रक दाखवावे लागणार होते.

आम्ही म्हणालो, "मग इंग्लंडच बरे. एक वर्षात मोकळी होशील. गणिताच्या भानगडीत कशाला पडतेस?"

हे वाक्य आमच्या तोंडून निघाले आणि आम्हालाच ओळखीचे वाटले. आम्ही बी.कॉम.ला होतो तेव्हा पहिल्या वर्षी गणित आणि संख्याशास्त्राच्या पेपरात नापास झालो. ए.टी.के.टी. लागली. तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने हेच सांगितले होते, की आपल्या पोराने गणिताच्या भानगडीत पडू नये, पदवी पदरात पाडून घ्यावी आणि फॉर्म भरावेत. पुढे निवडीचा विषय आम्ही कसा निवडला ते सांगायलाही लाज वाटते. ज्या विषयाचे जुने गाईड रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळाले, तो विषय घेतला. पदवी मिळाली, नोकरी लागली, घर चालले. तक्रार नाही. पण ऑफिसात टक्केवारीचा तक्ता समोर आला की अजून पोटात गोळा येतो, हेही खरे.

भाचीने वाद घातला नाही. तिने एक गोष्ट सांगितली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत २००१ च्या सुमारास 'बालसखी' नावाचा प्रयोग झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास शिकवी. काही शाळांना बालसखी कोणत्या इयत्तेत द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले, म्हणजे नंतर बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची खरी तुलना करता यावी. मुलांची प्रगती झाली असे दिसले. मात्र बालसखी बंद झाल्यावर वर्षभराने त्यातली बरीच ओसरली, हेही दिसले. या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग तिने हळूच विचारले, "मामा, आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसलेली किती मुले दहावी पास झाली?"

आम्ही छाती काढून सांगितले, की जवळजवळ सगळीच.

"आणि अभ्यासिका नसती तर त्यातली किती झाली असती?"

आम्ही गप्प बसलो. बारा वर्षे ती अभ्यासिका आम्ही चार मित्र चालवतो. वर्गणी, ट्यूबलाइट, पंखा, दर एप्रिलमध्ये गुणवंतांचा सत्कार. पण अभ्यासिकेत येऊन बसतात ती मुले बहुधा आधीच अभ्यासू असतात. ज्यांच्यासाठी ती काढली, ती कोपऱ्यावर उभी असतात आणि आमच्या आकड्यात येतच नाहीत. हे आम्हाला मनातून ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते इतकेच. भाची म्हणाली, "हे मोजायला ते गणित लागते." त्या रात्री इंग्लंडचा रकाना तिने खोडला नाही, पण बाजूला ठेवला.

दुसऱ्या वर्षाच्या निवडीवरून मात्र आमचे खरोखर वाजले. आमचे म्हणणे, की मानवी हक्क, कायदा, नेतृत्व असे विषय घे. समाजाला वक्ते पाहिजेत. तिचे म्हणणे, की सार्वजनिक वित्त, श्रम अर्थशास्त्र आणि अंदाजपत्रक वाचायला शिकवणारा विषय हवा. शेवटी आम्ही बाबासाहेबांचे नाव काढले. म्हटले, त्यांनी काय केले असते?

आणि इथेच आम्ही तोंडावर पडलो. तिला ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद झालेली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एकेक. एकूण साठ. जवळजवळ अर्धे अर्थशास्त्र. त्यांचे गुरू सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे पंडित. प्रांतिक वित्तावरच्या बाबासाहेबांच्या ग्रंथाला १९२५ साली त्यांनीच प्रस्तावना लिहिली. "मामा, तुम्हाला जयंतीच्या भाषणातले बाबासाहेब माहीत आहेत, मला त्यांचे टाइमटेबल माहीत आहे," असे ती म्हणाली. दुसऱ्या कोणी म्हटले असते तर राग आला असता.

पण त्या साठांतले चार मानववंशशास्त्राचे विषय आम्ही सोडले नाहीत. भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. म्हणजे तो अभ्यासक्रमातलाच निबंध. निवडीच्या विषयातून काय निघेल ते आधी सांगता येत नाही, एवढे आमचे म्हणणे तिने मान्य केले आणि चौथ्या रकान्यात एक चौकोन कोरा ठेवला.

त्या चौकोनात तिला लिहायचे होते 'रोजगार हमी'. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली महाराष्ट्राची ही योजना. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी ती पुढे आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा पुढे २००५ साली आला. परदेशातल्या विद्यापीठांत या योजनेवरचे लेख वाचायला देतात. १९८८ साली हमीची मजुरी दुपटीने वाढली आणि त्यानंतर कामेच कमी निघू लागली, मागेल त्याला काम ही हमी पातळ झाली, असे दाखवणारा एक अभ्यास तिने आम्हाला समजावून सांगितला. तो आम्हाला बी.कॉम.च्या कोणत्याही पेपरापेक्षा नीट समजला.

अडचण शिष्यवृत्तीची होती. केंद्र सरकारची समुद्रपार शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२२ साली तिचे नियम बदलले तेव्हा त्यात एक कलम आले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय त्यात बसणार नाहीत. ते कलम आम्ही कारकुनाच्या सवयीने तीनदा वाचले. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांचा तो निबंध या कलमात बसला असता का, हा विचार आम्ही तिच्यासमोर बोललो नाही. तिने तो आधीच केलेला दिसला. ती शांतपणे म्हणाली, "अर्जात सार्वजनिक वित्त आणि रोजगार धोरण लिहीन. ते खोटेही नाही. नाहीच मिळाली तर राज्याची आहे, आणि तीही नाही तर कर्ज." कर्जाचा तक्ता मग खरोखरच आम्ही मांडून दिला. आकडा बघून घरच्या आत निघून गेल्या.

आमची आई इतका वेळ खाटेवर पडून ऐकत होती. ती बीड जिल्ह्यातली. १९७२ साली चौदा वर्षांची होती आणि आपल्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. उठून बसली आणि नातीला म्हणाली, "त्या कोऱ्या खान्यात काय गं?"

"तुझी खडी, आजी."

आई हसली. मग म्हणाली, "लिहायचं तर नीट लिही. हजेरीपटावर माझं नावच नव्हतं. लहान म्हणून घेत नव्हते. दिवसभर मी फोडायचे आणि ढीग आईच्या नावावर मोजायचे. सुकडीसुद्धा एकीचीच मिळायची, दोघीत खायचो."

भाचीने पेन्सिल घेतली आणि कागद उलटा केला. "आजी, अशा किती पोरी होत्या तुमच्या कामावर?" आई बोटांवर नावे मोजू लागली. दुसऱ्या हाताची बोटे सुरू झाली तेव्हा आम्ही उठून दिवा लावला.