नाव कोणी ठेवायचं?



पूर्वी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची छोटी कार्डं निघायची. संग्राहक आजही विल्यम हॉय यांचं कार्ड शोधतात. लहानपणीच्या आजारात त्यांचं ऐकणं गेलं, तरी १८८८ ते १९०२ ते मोठ्या लीगमध्ये खेळले. लोक त्यांना 'डमी', म्हणजे मुका, म्हणत. त्यांनी ते नाव स्वतःहून स्वीकारलं.

शिवऱ्यात आमच्या मुलांनी वहीत अशीच कार्डं केली. हॉय यांच्या शेजारी प्रियेशा देशमुख, २०२२ मध्ये ब्राझीलला झालेल्या डेफलिंपिक्समधली सुवर्णविजेती नेमबाज.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाने तिसरं कार्ड आणलं, स्वतःचं. खाली पूर्ण नाव, ठळक अक्षरात.

पोरं त्याला 'बहिऱ्या' म्हणायची, तेव्हा मी नुसता हसायचो. त्याने ते नाव कधी स्वीकारलं होतं? तुमच्या वर्गातही बघा जरा.