मुदखेडचा उन्हाळा आणि सव्वादोन वर्षांची पाहुणी

नांदेड मागे पडले की वीस-पंचवीस किलोमीटरांवर मुदखेड येते. मुंबईहून आदल्या दिवशी निघालेली नंदीग्राम एक्स्प्रेस पहाटेच्या अंधारात येथे थांबते. फलाटावर पाय ठेवताच हवेतील गारवा जाणवतो आणि त्या गारव्यात मिसळलेला मोगऱ्याचा वास येतो. मे महिन्यात मराठवाड्यात गारवा, हे ऐकून कोणीही हसेल; परंतु तो असतो आणि सूर्य वर येईपर्यंत टिकतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन मी महिनाभरासाठी माहेरी गेले. आम्ही मुलुंडला नवव्या मजल्यावर राहतो. तिचा खेळवर्ग सुट्टीमुळे बंद झाला होता. चार भिंतींत दिवसभर तिला कसे रमवावे, या विवंचनेत मी एक वेळापत्रक तयार केले होते: आठला उठणे, नऊला न्याहारी, अकराला बाहेर, एकला जेवण, मग चित्रे, मग ठोकळे, मग रात्री नऊपर्यंत कसेबसे जागे ठेवणे. त्या कागदावर एकही घर रिकामे नव्हते. शहरातील आयांना रिकाम्या तासाची भीती वाटते. मलाही वाटत होती. तो कागद घडी घालून मी मुदखेडला सोबत नेला.

मुदखेडची ओळख अनेकांना केवळ जंक्शन म्हणून असते. निजामाच्या राजवटीत, 1900 च्या सुमारास, हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि या गावाचे दैव रुळांशी बांधले गेले. येथूनच एक फाटा भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे जातो. माझ्या लहानपणी त्या फाट्यावर अजून छोट्या रुळांची गाडी धावत असे. आता सर्वत्र रुंद रूळ आहेत. गावाची दुसरी ओळख फुलांची. मोगरा, काकडा, गुलाब, निशिगंध, गलांडा यांचे मळे तालुक्यात आहेत आणि येथील फुले नांदेडपासून हैदराबादपर्यंतच्या बाजारांत जातात. शेजारच्या अर्धापूरप्रमाणे केळीच्या बागाही आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने देशभरातील तरुण येथे येतात. तरीही बाजारपेठेचे वळण जुन्याच गावाचे राहिले आहे: पुढे दुकान, मागे घर, मध्ये ओसरी.

आमचेही घर तसेच आहे. पुढील भाग वडिलांनी सिमेंटचा केला. मागील खोली मात्र जुनी, मातीच्या माळवदाची आहे. भिंती हातभर जाडीच्या, खिडकी एकच आणि तीही लहान. मुंबईच्या नजरेने पाहिले तर ती खोली अंधारी व कोंदट. पहिल्या दिवशी मी आईला म्हणाले, "हिला पुढच्या खोलीतच झोपवू, तिथे उजेड आहे." आई काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी, वेळापत्रकानुसार, सकाळी अकराला मी मुलीला घेऊन स्थानकावर निघाले. तिला आगगाडीचे वेड आहे. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, अंगात शहरातला जाडसर फ्रॉक आणि लंगोटाऐवजी डायपर. वाटेत एका वृद्ध हमालाने विचारले, "एवढ्या उन्हात लेकराला घेऊन कुठं निघालाव बाई?" मी हसून पुढे गेले. एक मालगाडी आली, मग एक प्रवासी गाडी आली. मुलगी टाळ्या पिटत होती आणि "अजून, अजून" म्हणत होती. तिच्या कपाळावर मी दोनदा हात फिरवला. घाम नव्हता. मला वाटले, तिला फारसे उकडत नसावे. याच समजुतीवर मी तासभर तिथे थांबले.

परतताना ती माझ्या खांद्यावर निपचित पडली. घरी आलो तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते, पाणी पुढे केले तरी ती तोंड फिरवत होती. आईने तिला माझ्या हातातून घेतले आणि थेट मागच्या अंधाऱ्या खोलीत नेले. फ्रॉक उतरवला, डायपर काढला. तो पूर्ण कोरडा होता. सकाळी बांधलेला डायपर दुपारी कोरडा असावा, याचा अर्थ मला त्या क्षणी कळला आणि माझे पाय लटपटले. आईने ओल्या फडक्याने तिचे अंग पुसायला घेतले, वडिलांनी दुकान तसेच टाकून डॉक्टरांना आणले. सुदैवाने वेळ गेली नव्हती. ती हाकेला प्रतिसाद देत होती, ताप फार चढला नव्हता. जलसंजीवनीचे पाणी चमच्याचमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी पाजत राहायचे, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. चारच्या सुमारास तिने लघवी केली. एरवी ज्या गोष्टीने चादर बदलावी लागते म्हणून आपण कुरकुरतो, तिच्यासाठी त्या दुपारी आम्ही तिघे हात जोडून बसलो होतो.

डॉक्टरांनी जाताना जे समजावले, ते प्रत्येक आईने ध्यानात ठेवावे असे आहे. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. त्यांना घाम कमी येतो आणि तहान लागल्याचे त्यांना सांगताही येत नाही. मुंबईची हवा दमट, त्यामुळे तेथे घाम अंगावरून ओघळतो व आपल्याला दिसतो. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी. येथे घाम दिसण्याआधीच वाळून जातो. कपाळ कोरडे लागते, पण अंगातील पाणी मात्र जातच असते. आई हेच तिच्या शब्दांत म्हणाली, "इथलं ऊन दिसत नाही, लागतं." घाम हे माझे मुंबईचे माप होते, येथे ते माप खोटे ठरले.

तेव्हा पाहावयाचे ते घामाकडे नव्हे, लघवीकडे: सहा तास लघवी झाली नाही, ती गडद पिवळी झाली, मूल सुस्त पडले, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, तर ती धोक्याची खूण. जलसंजीवनीचे पाकीट घरात नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्यावे. मीठ यापेक्षा वाढवू नये. आणि मूल हाकेला ओ देईनासे झाले, सारखे ओकू लागले, अंग भट्टीसारखे तापले किंवा झटका आला, तर घरगुती उपायांत एक क्षणही न घालवता रुग्णालय गाठावे.

त्या रात्री मी वेळापत्रकाचा कागद पिशवीतून काढला आणि आईपुढे ठेवला. तिने तो चष्मा लावून वाचला व विचारले, "यात ऊन कुठे आहे?" मला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आमचा दिवस मुदखेडच्या वेळेवर चालू लागला. साडेपाचला आम्ही घराबाहेर पडत असू. गावाबाहेर ओळखीच्यांचा मोगऱ्याचा मळा आहे. कळी उमलण्यापूर्वी, उन्हे पसरण्यापूर्वी तोडली तरच बाजारात तिला किंमत मिळते. म्हणून तोडणीचे काम पहाटेच सुरू होते. ओटीत भराभर कळ्या जमा करणाऱ्या बायकांत एक तरुण आई होती. तिचे वर्षाचे मूल लिंबाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजलेले असे. आठच्या सुमारास कळ्यांचे वजन झाले की ती झोळी सोडून, मूल कडेवर घेऊन घराची वाट धरी. मी एकदा तिला विचारले, उन्हाळ्यात एवढे लहान मूल कसे सांभाळतेस? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "उन्हाच्या आधी उठावं, उन्हात निजावं, ऊन गेलं की पुन्हा उठावं. लेकराला आणि काय लागतं माय?" ती म्हणाली. हे तिने सहज सांगितले. मात्र पहाटेच्या त्या दोन-अडीच तासांच्या मजुरीवर तिचे घर चालते, हे मी विसरू शकत नाही. माझा रिकामा वेळ आणि तिचा रिकामा वेळ एक नव्हे.

मळ्यावरून परतलो की दुकानाची वेळ. उन्हाळ्यात वडील साडेसातलाच दुकान उघडतात, बाराला अर्धे शटर ओढतात आणि साडेचारनंतर पुन्हा गादीवर बसतात. दुकानासमोर आजोबांच्या काळापासून पाणपोई आहे: गोणपाटात गुंडाळलेले तीन माठ. रोज सकाळी दुहेरी कापडाने पाणी गाळून ते भरायचे आणि गोणपाट ओले करायचे. मुलीने पहिल्याच दिवशी गाळण्याच्या कापडाचे एक टोक धरले आणि पुढे महिनाभर ते सोडले नाही. आजोबा पाणी ओतत, ती टोक धरून "हळू, हळू" म्हणे. खेड्यांतून खरेदीला आलेल्या माणसांना छोट्या पितळी पेल्यातून पाणी देणे हे तिचे दुसरे काम. निम्मे पाणी वाटेतच सांडे. घेणारा तरीही दोन्ही हातांनी पेला घेई. वडील म्हणत, "उन्हातून आलेल्याला आधी पाणी, मग माल. दर विचारायला तो कुठे पळून जात नाही." माझ्या महागड्या ठोकळ्यांनी तिला पंधरा मिनिटे गुंतवले नव्हते, या कामात ती तास तास रमत असे. ज्या कोरड्या हवेने तिच्या अंगातील पाणी नकळत शोषले, तीच हवा माठाच्या भिंतीतून झिरपणारे पाणी उडवून आतले पाणी गार ठेवते, हे मी तिच्याबरोबर माठाला हात लावून नव्याने शिकले.

दुपारी बारा ते साडेचार मागची खोली. जाड मातीच्या भिंतींमुळे बाहेरचा ताप आत उतरायला संध्याकाळ होते. कूलरही येथे खरोखर गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी. बाहेर झळा वाहत असताना आत आई सुती झबल्यातील नातीला बाजेवर घेऊन पडे. गावात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवण्याची रीत आहे. एका शेजारणीने प्रेमाने तसा सल्ला दिला तेव्हा आई हसून म्हणाली, "आमच्या घरात कांदाच येत नाही, खिशात कुठून येणार? आमची कैरीच बरी." उकडलेल्या कैरीचे पन्हे, जिऱ्याचे ताक, गोड लिंबूपाणी असे काही ना काही ती तासातासाला नातीच्या ओठांशी नेई. बाकी त्या चार तासांत काहीही घडत नसे. चित्रे नाहीत, पडदा नाही, गाणी नाहीत. छताच्या तुळया मोजणे, पालीकडे पाहणे, आजीच्या बांगड्या वर-खाली करणे. पहिले दोन दिवस माझाच जीव कासावीस झाला. मग मीही निजू लागले. मुलीच्या जन्मानंतर सलग इतके दिवस मी दुपारी झोपले नव्हते.

सूर्यास्तापूर्वी जेवण हा आमच्या घरचा शिरस्ता. मुंबईत तो माझ्या हातून केव्हा सुटला, ते मला सांगता येणार नाही. दुकान, लोकल, पाहुणे अशी कारणे मिळत गेली. मुदखेडला सव्वासहापर्यंत ताटे उचलली जात आणि मग संपूर्ण संध्याकाळ मोकळी राही. गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडले की वाफ उठे. थोड्या वेळाने बाजा टाकल्या जात. दूर स्थानकात गाडीची शिट्टी वाजली की मुलगी उठून बसे आणि गाडीला हात करी. आठला ती गाढ झोपलेली असे. त्यासाठी कोणालाही थोपटत बसावे लागत नसे.

महिना संपला. निघताना आईने पिशवीत पापड, कुरडया यांसोबत पाणी गाळायचे कापड घडी करून ठेवले. वडील फलाटावर आले होते. गाडी हलली तेव्हा मुलगी खिडकीतून त्यांच्याकडे पाहत राहिली आणि बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आता पाणी कोण धरणार?" वडील सत्तरीच्या पुढे आहेत. माझ्याजवळ याही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मुलुंडच्या घरात माळवद नाही, मळा नाही, पाणपोई नाही. तरीही आता आम्ही सव्वासहाला सोसायटीच्या बागेत असतो. त्या वेळी तेथे माळी आणि आम्ही, एवढेच. अकरानंतर पडदे ओढले जातात. सायंकाळी सातच्या आत मुलीचे तरी जेवण होतेच, बहुतेक दिवशी माझेही. इमारतीच्या फाटकाशी सुरक्षारक्षकाच्या खुर्चीशेजारी आम्ही एक माठ ठेवला आहे. रोज सकाळी तो भरताना ती कापडाचे एक टोक धरते, आणि दुसरे टोक मी.