मैल नव्हे, तिथी मोजा!

नकाशावर अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर. शहरी हिशेबाने हा तासाभराचा पल्ला! म्हणून पुष्कळ मंडळी अलिबाग ते हरिहरेश्वर दोन दिवसांत उरकू पाहतात आणि सारा वेळ मोटारीतच घालवतात. माझ्या सत्तरीतल्या आईला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालायची आहे. तेव्हा यंदाचा बेत मी पंचांग पुढ्यात ठेवूनच आखला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणचा जुना हिशेब. ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे.

भाऊबीजेची ओवाळणी आटोपली की निघायचे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट बोटीने मांडव्याला जाता येते. मुक्काम अलिबागला. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. तेव्हा कुलाबा किल्ल्यात पायी जावे आणि पाणी वळण्याआधी परतावे. मग रेवदंडा, काशीद करीत मुरूड. चतुर्थीला राजपुरीहून होडीने जंजिरा. दुपारी आगरदांड्याला मोटार फेरीबोटीवर चढवून दिघी, दिवेआगर आणि रात्री श्रीवर्धन.

पंचमीला ओहोटी पावणेदहाची. प्रदक्षिणा तेव्हाच. खडकांवरच्या त्या वाटेवरून लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. म्हणून छापील कोष्टक पाहून, गावकऱ्यांना विचारूनच पाऊल टाकायचे. त्यांनी नको म्हटले, तर देवाला देवळातूनच हात जोडायचे. आईने हे कबूल केले आहे.

परतीची वाट म्हसळा, माणगाववरून. फणसाडचे अरण्य, कुड्याची लेणी राहतील. राहोत बापडी! पुढच्या सुट्टीलाही काही निमित्त हवेच.