गोड वासाचे पुरुष

खाण्याच्या बाबतीत माणूस एक वेळ दुसऱ्याचे ऐकेल, वासाच्या बाबतीत ऐकणार नाही. कारल्याची भाजी आग्रहाखातर खाणारे पुष्कळ भेटतात. पण न आवडणारे अत्तर आग्रहाखातर लावून घेणारा मी लग्नाच्या मांडवाखेरीज कुठे पाहिलेला नाही. म्हणूनच हल्ली तरुण पुरुषांच्या अंगाला जो गोड, व्हॅनिलासारखा वास येतो, त्यावरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत निघालेला वाद मधली सुटी संपली तरी मिटला नाही. "पुरुषाच्या अंगाला केकचा वास यावा म्हणजे काय!" असे आमचे चित्रकलेचे गुरुजी म्हणाले. गणिताच्या बाईंना वास मुळीच वाईट वाटत नव्हता. फक्त तो माणसाच्या अंगावर नसून वाटीत असावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

मी त्या वादात गोडाच्या बाजूने बोललो. गुरुजींची तक्रार मला समजते. आमच्या पिढीला व्हॅनिला प्रथम भेटला तो आइस्क्रीमच्या कपात, लाकडी चमच्यासकट. करंजीला वेलदोडा, बासुंदीला जायफळ, श्रीखंडाला केशर ही आपली ओळखीची माणसे. व्हॅनिला हा बेकरीच्या दाराने आत आलेला पाहुणा. तो सदऱ्यावर चढून बसलेला पाहिला की बिचकायला होते. पण गोड वास म्हणजे बायकी, हे मात्र मला पटत नाही. आपल्याकडे धोतर-उपरण्यातले, भरघोस मिशांचे गृहस्थ मोगऱ्याचा, हिन्याचा, गुलाबाचा फाया कानाच्या पाळीत खोचून खुशाल बैठकीला बसत. त्यांना कोणी बायकी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुरुषाने लिंबाचा, लाकडाचा नाहीतर तंबाखूचाच वास द्यावा, हा नियम आपण कुठून आणला कोणास ठाऊक!

ज्यांच्याकडून आणला असे वाटते, त्यांनीही तो पाळलेला नाही. 1874 साली जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघा रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडाच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले, आणि 1889 साली पॅरिसच्या गेर्लँ या घराण्याने ते 'जिकी' नावाच्या अत्तरात घातले. ते अत्तर आधी पुरुषांनीच उचलून धरले, असे सांगतात. पुढे 1995 साली ज्याँ पॉल गॉल्तिए यांच्या नावाने 'ल माल' निघाले. त्याचा अर्थच मुळी 'नर'. बाटली पुरुषाच्या धडाच्या आकाराची, वर खलाशाच्या पट्ट्या, आणि ती बाटली चक्क पत्र्याच्या डब्यात! आत पुदिना, लव्हेंडर आणि मग भरपूर व्हॅनिला. आज चिंचवडपासून चाकणपर्यंत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ज्या गोड वासाच्या स्वस्त बाटल्या मिळतात, त्यांतल्या कितीतरी याच बाटलीच्या दूरच्या नातलग. नाते चुलत की मानलेले, ते विचारू नये.

आता या वासाचा एक दोषही सांगितला पाहिजे. व्हॅनिलिन हळूहळू उडते. लिंबासारखे वास अर्ध्या तासात निरोप घेतात. हा मात्र सदरा धुवायला टाकेपर्यंत मुक्काम हलवीत नाही. मे महिन्यात दुपारच्या पाळीला निघालेली कंपनीची बस, तळेगाव-चाकण रस्त्यावर कोंडलेली वाहने, आणि त्या बसमध्ये चाळीस गोड वासाची माणसे! अशा बसमधून मी एकदा आलो आहे. उतरल्यावर चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या वासाने जिवात जीव आला.

पण ही पोरे तो वास इतका का फवारतात, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रावर आहे, कंत्राटावर. लोखंड कापताना ते तापू नये म्हणून त्यावर तेल-पाण्याचे दुधट मिश्रण सोडतात. त्याला ही मुले कूलंट म्हणतात. रविवारी यंत्रे बंद राहिली की त्या साचल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि सोमवारी सकाळी यंत्र सुरू होताच नासल्यासारखा वास उठतो. तो हाताला लागतो, नखांत शिरतो, साबणाला दाद देत नाही.

गेल्या वर्षी पारनेरकडची एक मुलगी पाहायला जायचे ठरले. रात्रपाळी करून हा पोरगा सकाळी माझ्याकडे आला. दोनदा अंघोळ केली, लिंबाची फोड नखांवर घासली, आणि मग खिशातून बाटली काढून मान, मनगटे, सदरा सगळीकडे मारली.

"अरे, पुरे की! त्या माणसांना घेरी येईल," मी म्हणालो.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या हाताला खडूचा वास येतो. तो चालतो. माझ्या हाताचा वास आला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, परमनंट आहेस का?"

यावर मी काय बोलणार? मी मुकाट्याने गाडीत जाऊन बसलो.

पोहे झाले, पत्रिकेची बोलणी झाली. कोपऱ्यात मुलीची आजी बसली होती. तिला दिसत कमी होते. भाचा पाया पडायला वाकला तसा तिने त्याचा हात धरला, जरा नाकाजवळ नेला आणि सुनेला म्हणाली, "कुणाच्या घरी बाळंतीण आहे ग? उदाचा वास येतोय."

सगळे हसले. भाचा कानापर्यंत लाल झाला. म्हातारीचे काही चुकले नव्हते. आपण विस्तवावर घालतो तो ऊद म्हणजे सयाम-सुमात्राकडच्या झाडाचा डिंक, आणि त्यात मुळातच थोडेफार व्हॅनिलिन असते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि ऊद पडला की जो गोडसर धूर कोंडतो, बाळाच्या टाळूला आणि दुपट्याला जो वास राहतो, तो आणि भाच्याच्या बाटलीतला वास एकाच कुळातले. तेव्हा व्हॅनिला बेकरीच्या दाराने आला, हे मी वर लिहिले ते आमच्या पिढीपुरतेच खरे. म्हातारीच्या घरात तो माजघरातच होता. इतकेच काय, जुन्या पुस्तकाचे पान उघडले की जो मंद गोड वास येतो, त्यातही कागदातले लाकूड जिरून झालेले व्हॅनिलिन असते. आमचे चित्रकलेचे गुरुजी वाचनालयातली जुनी मासिके हुंगून मग वाचतात. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या वासाची एक कथा मात्र गोड नाही. व्हॅनिला ही मेक्सिकोतली आमरी. रियुनियन बेटावर वेल वाढे, पण शेंग धरत नसे. 1841 साली एदमों अल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलाचे परागण करून दाखवले. आजही बहुतेक शेंगा त्याच रीतीने, एकेक फूल हाताळून धरवतात. त्या मुलाच्या युक्तीवर बेटावरचे मळे श्रीमंत झाले. तो स्वतः 1880 साली दारिद्र्यात मेला.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे तोही कंत्राटावरच?"

पारनेरकरांचा निरोप आठ दिवसांनी आला: मुलगा पसंत आहे, कायम झाला की बोलू. अजून तो कायम झालेला नाही. मुलीचेही दुसरीकडे ठरलेले नाही, असे ताईने चौकशी करून आणले आहे. यंदा दिवाळीला तो आला तेव्हा उटणे, मोती साबण आणि ती बाटली अशी तिन्ही न्हाणीघराच्या फळीवर मांडून ठेवली. बाटली अर्ध्याच्या खाली आली आहे. ताई म्हणते नवी घेऊ. तो म्हणतो, हीच पुरवायची आहे.