पोरीला पायलट व्हायचे आहे!

यवतमाळसारख्या जिल्ह्यात मुलीने ‘मला पायलट व्हायचे आहे’ म्हटले, की घरात आधी हसू होते आणि मग पैशाची चिंता. आमच्या बारावीतल्या पुतणीने तसे म्हटले, तेव्हा आम्ही वही घेऊन हिशेब मांडला. कारकुनाला दुसरे काय सुचणार!

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च अनेक लाखांचा. एवढे कर्ज डोक्यावर घेण्याआधी पोरीची आवड किती टिकते ते बघावे, असे घरात ठरले. मग जुन्या कॉम्प्युटरवर ‘फ्लाइटगियर’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला. एक जुनी जॉयस्टिक आणून टेबलाला घट्ट बांधली. शिकणारा वैमानिक डावीकडे बसतो. दांडी डाव्या हातात, इंजिनाची कळ उजव्या हाताशी. मांडणीही तशीच केली.

असा सराव म्हणजे पोरखेळ नव्हे. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंकने असे यंत्र बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना होता. आपल्या गायकांच्या पेटीला असतो तसा हवेचा भाता वापरून त्याने खोटे विमान डोलवले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

आमच्या पडद्यावर ‘सेसना १७२’ हे छोटे विमान उभे राहते ते नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर. धावपट्टीच्या टोकांना १४ आणि ३२ हे आकडे. ते दिशेचे आहेत. १४ म्हणजे सुमारे १४० अंश. विमान जमिनीवर असूनही उंचीचा काटा हजार फुटांवर कसा, हा पोरीचा पहिला प्रश्न. नागपूरच समुद्रसपाटीपासून तेवढे उंच आहे, हे तिने भूगोलाच्या पुस्तकात शोधून काढले. उड्डाणाआधीची तपासणी-यादी भिंतीवर चिकटवली आहे. एकेक ओळ मोठ्याने वाचायची, मगच हात लावायचा.

पण वहीत खर्चाची बाजूही असते. घरातला एकही तास परवान्यासाठी धरला जात नाही. यंत्रांच्या आधाराने उडण्याचे जे १० तास लागतात, त्यातले फार तर ५ तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरचा कॉम्प्युटर त्यात बसत नाही. खऱ्या विमानाचा हेलकावा टेबलावर अंगाला कळत नाही. उलट, काट्यांकडेच टक लावून बसायची खोड लागते. म्हणून दर मिनिटाला क्षितिजाकडे बघायचा नियम आम्ही केला.

तेव्हा पालकांनो, घरचा सराव आवड जोखायला आणि शिस्त लावायला ठेवा. पुढचे पाऊल वैद्यकीय तपासणीचे. नजर आणि रंगांची ओळख आधी तपासून घ्या. शेत गहाण टाकायचा विचार त्यानंतर. आणि पोरगी ‘पायलट’ म्हणाली, तर हसू मात्र नका.